परदेशी माणसाला आपण डोक्यावर घेतो, पण कुठल्या?

खाडीपलीकडची, खारघर

काल 'एडिसन रिटर्न' यांनी इथे लिहिलं: "रंगभेद म्हणजे काय ते अमेरिकेत राहिल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे जात आहे, भाषेची भांडणं आहेत, पण कातडीच्या रंगावरून माणसाला हिणवणं आपल्या रक्तात नाही. परदेशी माणसाला तर आपण डोक्यावर घेतो." खाली बदामांची रांग लागली. मी तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरचा वन बीएचके मागच्या पावसाळ्यात रिकामा झाला. मालक पुण्याला असतो. ब्रोकरने युगांडाचा एक मुलगा आणला, इथल्याच एका कॉलेजात शिकणारा. मालकाने होकार दिला, टोकन घेतलं. मग कमिटीने मुलाला भेटायला बोलावलं. मी कमिटीत आहे, समोरच बसले होते. पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसा, कॉलेजचं बोनाफाइड, आधीच्या घरमालकाचं पत्र, सगळं एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये क्रमाने लावून त्याने आणलं होतं. आमच्या सेक्रेटरींनी फोल्डर उघडलाच नाही. टेबलावरून तसाच परत सरकवला आणि ब्रोकरला मराठीत म्हणाले, "हे लोक नकोत, बिल्डिंगमध्ये बायका-मुली राहतात." मुलाला तेवढं मराठी कळत असावं, कारण वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्याने फोल्डर उचलला होता. मी तिथे वाद घातला, माझं कोणी ऐकलं नाही. पुढे तोच फ्लॅट एका कोरियन इंजिनिअरला दिला. तोही परदेशीच. त्याच्यासाठी मीटिंग झाली नाही, गणपतीत त्याच्या हातात आरतीचं ताट दिलं आणि तो फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला.

आता देशादेशांची तुलना करायचीच असेल तर नीट करू. लंडनमध्ये १९५० च्या दशकात खिडक्यांत पाट्या असायच्या, काळ्यांना खोली मिळणार नाही म्हणून. १९६३ मध्ये ब्रिस्टलच्या बस कंपनीने काळ्या आणि आशियाई माणसांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घ्यायला नकार दिला, लोकांनी बसवर बहिष्कार टाकला आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये वंशभेदाविरुद्ध पहिला कायदा झाला, त्यात घर आणि नोकरी नव्हतीच. १९६८ मध्ये ती आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात, अमेरिकेतही घर नाकारण्याविरुद्धच्या कायद्यावर सही झाली. नकार रंगावरूनच दिला हे सिद्ध कसं करायचं, याचीही तिथे रीत आहे. सारखा पगार, सारखी कागदपत्रं असलेली दोन माणसं, एक गोरा आणि एक काळा, एकाच मालकाकडे पाठवतात आणि कोणाला काय उत्तर मिळालं ते लिहून ठेवतात. ते कोर्टात चालतं.

आमच्या चौथ्या मजल्यावर ही परीक्षा आपोआप झाली. निकाल सगळ्यांनी पाहिला. पण तो घेऊन त्या मुलाने जायचं कुठे? घटनेचं १५वं कलम दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांत भेदभाव नको म्हणतं. भाड्याच्या खाजगी घराबद्दल ते काही बोलत नाही.

तिकडे रंगभेद संपला असं मी म्हणत नाही. तिकडे तो मोजतात, त्याच्यावर खटले भरतात, म्हणून तो तुम्हाला दिसतो. इकडे सेक्रेटरी फोल्डर सरकवतो आणि आपण म्हणतो, आपल्या रक्तात नाही.

एडिसन रिटर्न, घोडबंदर रोड

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तरही माझ्याकडूनच घ्या.

माझी मोठी वहिनी १९८७ मध्ये जर्सी सिटीत होती. भारतीयांना मारायला तिथे एक टोळी निघाली होती आणि तिने स्वतःचं नावच बायकांच्या टिकलीवरून ठेवलं होतं, डॉटबस्टर्स. भारतीयांना शहरातून हाकलून लावू, असं त्यांचं पत्र तिथल्या पेपरात छापून आलं होतं. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला रस्त्यात मारून मारून संपवलं. वहिनी बसस्टॉपवर जाण्याआधी टिकली काढून आरशाला चिकटवायची आणि घरी आल्यावर परत लावायची. २०१७ मध्ये कॅन्सासच्या ओलेथ गावात श्रीनिवास कुचीभोतला मित्राबरोबर बारमध्ये बसला होता. माझ्या देशातून चालते व्हा, असं ओरडत एकाने गोळ्या घातल्या. श्रीनिवास गेला. याला रंगभेद म्हणतात ताई. एका मुलाला एक फ्लॅट मिळाला नाही, त्याला दुसरा मिळाला असेल.

आणि तो तुमचा १९६८ चा कायदा! त्याच कायद्याखाली १९७३ मध्ये अमेरिकन सरकारने न्यूयॉर्कच्या एका घरमालक कंपनीवर काळ्यांना घरं देत नाही म्हणून दावा लावला. १९७५ मध्ये तडजोड झाली. कंपनी ट्रम्प कुटुंबाची होती. त्या दाव्यात ज्या मुलाचं नाव होतं तो पुढे दोनदा राष्ट्राध्यक्ष झाला. कायद्याने मनं बदलली का?

आपल्याकडे जे आहे ती अनोळखी माणसाची भीती आहे. ड्रग्जच्या केसमध्ये नायजेरियन पकडले, ही बातमी नवी मुंबईत सारखी येते. बायका-मुलींची काळजी करणारा माणूस चुकत असेल, पण त्याला गोऱ्या खुन्यांच्या ओळीत बसवू नका.

खाडीपलीकडची

ओळीत मी बसवलं नाही, तुम्ही बसवताय. आणि इकडे माणसं मेली नाहीत, हे कोणी सांगितलं?

जानेवारी २०१४, दिल्ली, लाजपत नगर. अरुणाचलचा निडो तानिया, विद्यार्थी, त्याच्या केसांवरून आणि चेहऱ्यावरून दुकानात टिंगल झाली, त्याने उलट उत्तर दिलं, मारहाण झाली, दुसऱ्या दिवशी तो गेला. तो आमदाराचा मुलगा होता आणि परदेशी तर नव्हताच. त्यानंतर बेझबरुआ समिती नेमली, तिने त्याच वर्षी अहवाल दिला, वांशिक हेटाळणीसाठी फौजदारी कायद्यात वेगळी कलमं घाला म्हणून. ती कलमं आली नाहीत. मे २०१६, वसंत कुंज, काँगोचा मासोंडा ऑलिव्हिए, रिक्षावरून भांडण, ठेचून मारला. मार्च २०१७, ग्रेटर नोएडा, एका स्थानिक मुलाच्या मृत्यूनंतर अफवा उठली आणि जमावाने मॉलमध्ये घुसून नायजेरियन विद्यार्थ्यांना खुर्च्यांनी, कचऱ्याच्या डब्यांनी मारलं. आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी मिळून निवेदन काढलं आणि हे हल्ले वंशद्वेषातून झाल्याचं म्हटलं.

ड्रग्जच्या बातमीचं म्हणाल, तर त्याच बातमीत आपल्याकडची नावंही असतात. त्या नावांवरून त्यांच्या गावच्या सगळ्यांना आपण घर नाकारतो का?

चावीवाला, वाशी

वाशी ते खारघर पट्ट्यात मी भाड्याचं काम करतो. दोघेही पुस्तकातलं बोलताय. मालक का नाही म्हणतो ते ऐका.

परदेशी भाडेकरू आला की चोवीस तासांत फॉर्म सी, म्हणजे तो राहायला आल्याची सरकारला माहिती, ऑनलाइन भरायचा असतो, तोही मालकाने. पोलीस व्हेरिफिकेशन वेगळं. लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करायचं. विद्यार्थ्याचा व्हिसा संपत आला की पुढची कटकट. माझे निम्मे मालक रिटायर्ड माणसं आहेत, त्यांना स्वतःचं लाइट बिल मोबाइलवर भरता येत नाही. राहिलं तर पोलीस स्टेशनला मालकालाच बोलावणार. म्हणून ते सांगतात, फॉरेनर नको. कागदांची भीती आहे. उगाच मोठे शब्द वापरू नका.

दुबई ते दिवा

शारजात आयुष्याची उमेद घालवली आहे, म्हणून बोलतो. आमच्या साइटवर एकाच कामाला पासपोर्ट बघून पगार होता. इंग्लंडच्या पासपोर्टवाल्या सुपरवायझरला एक, लेबनॉनच्या माणसाला त्याखाली, आम्हाला त्याखाली आणि बांगलादेशी पोरांना सगळ्यात खाली. काम तेच, ऊन तेच. आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. कफाला म्हणतात त्या पद्धतीला, मालकाच्या मर्जीशिवाय नोकरी बदलता यायची नाही. रंगावरून माणूस तोलणं काय असतं ते मला अमेरिकेत जाऊन शिकायला लागलं नाही.

चावीवाले साहेबांना एकच प्रश्न. खारघरच्या त्या कोरियन माणसासाठी फॉर्म सी लागतो की नाही?

चावीवाला

लागतो.

दुबई ते दिवा

कोण भरतं?

चावीवाला

असे भाडेकरू कंपनीकडून येतात, कंपनीचा माणूस मदत करतो. पण विचारलंत म्हणून खरं सांगतो, कंपनी नसेल तर मी भरून देतो. मालक स्वतः फोन करून विचारतो, कधी येताय भरायला. आणि आफ्रिकन पार्टी असेल तर मालक दुप्पट डिपॉझिट सांगतो, भाडंही चढवून सांगतो आणि तरी दोन दिवसांनी नाही म्हणतो. मी पोरांना आता आधीच सांगून टाकतो, टॉवरमध्ये वेळ घालवू नका, गावठाणात बघा. हे मला आवडतं असं नाही. पण मला माझ्या मालकांशी उद्या परत धंदा करायचा आहे.

घणसोलीचा आगरी

गावठाणाचं नाव निघालं म्हणून लिहितो. तुमच्या टॉवरने हाकललेली माणसं आमच्या चाळीत राहतात. आफ्रिकन, नेपाळी, मणिपूरच्या पार्लरमधल्या मुली, सगळे. आमची आई त्यांच्याशी खुणांनी बोलते आणि जवळा सुकत घातला की त्यांनाच राखण करायला सांगते. आम्हाला कधी कमिटी बसवावी लागली नाही.

पण भेदभावावर बोलायला बसलात तर आधी आमचं ऐका. १९७० मध्ये सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. भातशेती, मिठागरं, सगळं. मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या मागे लोक रस्त्यावर उतरले, जासई आणि दास्तान फाट्याला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्यानंतर कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत द्यायची योजना आली. आज त्याच जमिनीवरच्या टॉवरमध्ये आगरी माणूस फ्लॅट बघायला गेला की विचारतात, हळदीला डीजे लावणार का? गाववाले म्हणतात आम्हाला, आमच्याच गावात. युगांडाच्या पोरासाठी तुमचा जीव तुटतो, चांगलं आहे. आमच्यासाठी कधी तुटला?

खाडीपलीकडची

दादा, तुमचं म्हणणं खरं आहे आणि त्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा. पण तुम्ही जे सांगताय ते माझ्याच बाजूचं आहे. ज्या कमिटीने तुम्हाला डीजेचं विचारलं, त्याच कमिटीने फोल्डर सरकवला.

पाचपाखाडी

सगळा गोंधळ एकत्र केला आहे. सोसायटी ही सहकारी संस्था आहे. आपल्यासारख्या राहणीची माणसं एकत्र येऊन घर बांधतात, तर शेजारी कोण हवा हे ठरवायचा त्यांना हक्क नाही? २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासद पारशीच असावेत हा नियम मान्य केला. आमच्या बिल्डिंगमध्ये मांसाहारी भाडेकरू घेत नाहीत. हा संस्काराचा प्रश्न आहे. याला कोणी रंगभेद म्हणणार असेल तर मी हात जोडतो.

मासेखाऊ ठाणेकर

हात जोडू नका, उत्तर द्या! ठाण्यात मासे खाणाऱ्याला घर नाही? हे कोळ्यांचं शहर आहे. चेंदणी कोळीवाडा तुमच्या बिल्डिंगच्या आधीचा आहे.

लग्नानंतर घर शोधताना घोडबंदर रोडला ब्रोकरने पहिला प्रश्न विचारला, "व्हेज की नॉनव्हेज?" बायको म्हणाली, आठवड्यातून दोनदा मासे. त्याने गाडी वळवली, आम्हाला गेटमधून आतही नेलं नाही. आणि आम्ही दोघं ठाण्यात जन्मलेली. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली, का, तर मराठी आहे म्हणून. व्हिडिओ सगळ्या राज्याने पाहिला. युगांडा राहू दे. आपलंच घर आपल्याला मिळत नाही, त्यावर बोला.

पाचपाखाडी

मुलुंडच्या प्रकाराचा मी निषेधच करतो. पण तो भाषेचा होता. आहाराचा मुद्दा वेगळा आहे. माझी आई खालच्या मजल्यावरच्या वासाने दोन दिवस जेवली नव्हती. तिला काय सांगू, सहिष्णू हो?

मासेखाऊ ठाणेकर

आणि माझ्या आईला काय सांगू? बांगडा तळायचा असेल तर बहिणीकडे जाऊन तळ?

कोपरीची काकू

आमच्याकडे खिडक्या लावून तळतात हो. गेली कित्येक वर्षं. शेजारी जैन आहेत, त्यांच्या पर्युषणात आम्ही आपणहून करत नाही आणि गौरीच्या दिवशी त्यांची सून पुरण वाटायला येते. हे नियम लिहून होत नाही. लिहिलं की बिघडतं.

मासेखाऊ ठाणेकर

काकू, तुम्हाला घर आधी मिळालं होतं म्हणून हे जमलं. आम्हाला गेटवरूनच परत पाठवलं.

घणसोलीचा आगरी

मासेखाऊंना पूर्ण पाठिंबा. आणि सोसायटीच्या नियमात 'संस्कार' कुठे लिहिलं आहे ते दाखवा. आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागतच नाही, सभासदाने फक्त कळवायचं असतं. एनओसीच्या नावाखाली कमिट्या जे करतात त्याला काही आधार नाही.

पाचपाखाडी

आधार काय असतो ते मला शिकवू नका. सहकार खात्यात नोकरी केली आहे मी. कागदावर काय आहे आणि सोसायटी कशी चालते यात फरक असतो. एकदा कमिटीत बसून बघा, मग बोला.

घणसोलीचा आगरी

कागदावर आहे ते चालवायचं नसेल तर खात्यात बसून काय केलंत?

खाडीपलीकडची

भांडण वैयक्तिक होतंय. आवरा. मूळ प्रश्न देशांच्या तुलनेचा होता आणि आपण दिवसभर बांगड्यावर आहोत.

पाचपाखाडी

तुलनाच हवी ना, घ्या. माझी मुलगी सिंगापूरला असते. शिकलेली, मोठ्या हुद्द्यावर. तिथे खाजगी भाड्याच्या जाहिरातींत सरळ लिहिलेलं तिने पाहिलं, भारतीय नकोत. शेवटी एका चिनी बाईने घर दिलं, ते अटीवर. घरात फोडणी करायची नाही, मसाल्याचा वास भिंतींना बसतो. माझी मुलगी दीड वर्ष ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवली. मी तिथे गेलो तेव्हा आमटीसाठी आम्ही लिटल इंडियाला जायचो. बासष्टीच्या वयात मला इतका अपमान कधी वाटला नव्हता. हा खरा वंशभेद. आणि म्हणे प्रगत देश.

दुबई ते दिवा

काका, तुमच्या मुलीबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण तुमचा आधीचा प्रतिसाद परत वाचा. चिनी बाई म्हणते, तुझ्या जेवणाचा वास नको. तुम्हीही तेच म्हणताय. तिच्या आईलाही तो वास सहन होत नसेल.

मासेखाऊ ठाणेकर

नेमकं! फोडणी नको हा वंशभेद आणि मासे नको हा संस्कार?

पाचपाखाडी

दोन्ही एक नाही. तिथे आमच्या देशाकडे बघून नाकारलं. इथे कोणीही शाकाहारी असेल तर आम्ही घेतो, जात-देश बघत नाही.

तुर्भेकर

जात बघत नाही? बरेच दिवस फक्त वाचतो, आज लिहितो.

शाकाहारी आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न आडनावाचा असतो. आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारतात. गावावरून कळलं नाही तर, "देवघर कुठे लावणार?" मी तीनही प्रश्नांतून गेलो आहे. माझ्या घरी मांस शिजत नाही, माझे वडील माळकरी होते. तरी तुमच्या पाचपाखाडीत मला "मालकाचा विचार बदलला" हेच ऐकायला मिळालं. मला कोणी तोंडावर काही बोललं नाही. त्या युगांडाच्या मुलाला निदान कारण ऐकायला मिळालं.

आणि एडिसनवाले साहेब, अमेरिकेशी तुलना करणारे तुम्ही पहिले नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. माझ्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला रुजू झाले, तर त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी सराईत नाव बदलून राहिले, कळल्यावर काठ्या घेऊन लोक आले, बाहेर काढलं. न्यूयॉर्कमध्ये त्यांना कोणी असं हाकललं नव्हतं. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, की निग्रो लोकांचा प्रश्न आणि अस्पृश्यांचा प्रश्न यांत साम्य आहे, निग्रो लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेलं निवेदन मला पाठवा. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे बघून. हे सगळे तुलनाच करत होते. पण तिकडचं काय उचलून इकडे आणता येईल, यासाठी करत होते. तुम्ही तिकडे जास्त घाण आहे हे सांगून इकडची झाकताय.

एडिसन रिटर्न

जात आणि वंश एक नाही. २००१ च्या दरबानच्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत भारत सरकारने हीच भूमिका घेतली होती आणि ती बरोबर होती. सगळ्या दुःखांना एकच लेबल लावलं तर एकावरही औषध सापडत नाही.

तुमच्याशी जे झालं ते चूकच, त्यावर वाद नाही.

तुर्भेकर

लेबल कुठलंही लावा. मला फ्लॅट मिळाला नाही. आणि माझ्यासाठी निदान अस्पृश्यता बंद करणारं घटनेचं १७वं कलम आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तो मुलगा त्यातही बसत नाही, हेच धागाकर्त्या ताई सकाळपासून सांगतायत.

वर्तकनगरचा इतिहासवाला

थोडं अवांतर. हबशी माणसाला आपण परका मानलं नाही याचा पुरावा हवा असेल तर मलिक अंबर बघा. इथिओपियात जन्मलेला, निजामशाहीचा पेशवा झाला, मुघलांना गनिमी काव्याने जेरीस आणलं, १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली. जंजिऱ्याचे सिद्दी वेगळेच. तेव्हा रंग आडवा आला नाही.

खाडीपलीकडची

मलिक अंबर इथे गुलाम म्हणून विकला जाऊन आला, एवढं त्यात लिहायचं राहिलं. तो तलवारीच्या जोरावर वर चढला. भाड्याने घर मागणाऱ्या विद्यार्थ्याने निजामशाही सांभाळून दाखवावी, अशी अट आहे का? आणि आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचे वंशज आज कर्नाटकात, गुजरातेत राहतात, त्यांना आपल्याच देशात "कुठून आलात" विचारतात.

सावळी, ऐरोली

सगळे पुरुष घरांवर भांडतायत, आतल्या रंगभेदावर कोणीच बोललं नाही. मी काळी आहे. सावळी हे नाव माझ्या मावशीने दिलं, बरं वाटावं म्हणून. बघण्याच्या कार्यक्रमात मुलाची आई मला खिडकीजवळ बसायला सांगायची. उजेडात. एकीने माझ्या हाताची बाही वर सरकवून कोपराच्या वरचा रंग पाहिला, कांदेपोह्यांची बशी माझ्या हातात असताना. माझ्या आईने खाली बघितलं. गोरं करणारं क्रीम १९७५ पासून विकलं जातंय. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडला पोलिसाने मारलं, जगभर लोक रस्त्यावर आले आणि मग आपल्याकडच्या डबीवरचं 'फेअर' गेलं. क्रीम तेच आहे. आपल्या मुलींच्या डबीवरचा शब्द बदलायलाही तिकडे माणूस मरावा लागला.

मी लेस्टरला दोन वर्षं शिकले. रात्रीच्या बसमध्ये पोरांनी 'पाकी' म्हणून हाक मारली, बाटली फेकली. भीती वाटली, खूप. पण युनिव्हर्सिटीने तक्रार लिहून घेतली, पोलीस घरी आले, बसचं फुटेज मागवलं. माझ्या बाहीची तक्रार मी कुठे लिहून देऊ? एडिसनवाले काका, "हिणवणं आपल्या रक्तात नाही" हे वाक्य वाचून मला रडू आलं.

एडिसन रिटर्न

हे वाचून दोन तास काही लिहिलं नाही.

फॉर्म सीचा मुद्दा दुबईवाल्यांनी बरोबर पकडला. कोरियन माणसाला आणि युगांडाच्या मुलाला कागद तेच आणि उत्तर वेगळं, तर कारण कागद नाही. भीतीही नाही, कारण त्या मुलाचा कागद उघडून तरी पाहिला असता. हे एवढं मानतो. पण अमेरिकेत माझ्या मुलाला शाळेत ज्या नावाने हाक मारायचे ते मी विसरणार नाही, आणि तिकडचा कायदा म्हणजे स्वर्ग हे मला कोणी पटवू नये. आपल्याकडेही काहीच नाही असं नाही. नव्या भारतीय न्याय संहितेत कलम १०३(२) आहे, पाच किंवा जास्त जणांनी वंश, जात, भाषा अशा कारणावरून खून केला तर त्याला वेगळी तरतूद आहे. तेही लिहा.

खाडीपलीकडची

लिहिलं. त्या कलमासाठी आधी माणूस मरावा लागतो आणि मारणारे पाच हवेत. टिंगलीला, फोल्डर सरकवण्याला ते लागू नाही. बेझबरुआ समितीने नेमकं तेच मागितलं होतं.

पाचपाखाडी

सिंगापूरचं एक राहिलं, ते प्रामाणिकपणे सांगतो. तिथल्या सरकारी इमारतींत १९८९ पासून प्रत्येक ब्लॉकमध्ये चिनी, मलय, भारतीय यांचं प्रमाण ठरलेलं आहे, कोणा एकाचीच वस्ती होऊ नये म्हणून. माझी मुलगी म्हणते, भाड्याने देणारी बाई वाईट होती, पण लिफ्टमध्ये सगळे भेटायचे. मला ही जबरदस्ती पटत नाही. आहाराबद्दलचं माझं मतही बदललेलं नाही. मात्र तुर्भेकरांना ज्याने देवघर विचारलं तो आमच्या बिल्डिंगचा असेल तर मला त्याचं नाव खाजगीत कळवा.

तुर्भेकर

नाव नको. पुढच्या वेळी कमिटीत आडनाव विचारलं जाईल तेव्हा तुम्ही तिथे असाल, तेव्हा बोला.

चावीवाला

ताई, युगांडावाला मुलगा सध्या घणसोली गावात आहे, त्याचं कॉलेज अजून एक वर्ष आहे. तुमच्या सेक्टरमध्ये दुसऱ्या एका सोसायटीत वन बीएचके रिकामा होतोय, मालकीणबाई तयार आहेत, फॉर्म सी मी भरतो. अडणार ते कमिटीत. तिथल्या कमिटीत तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर बघा.

खाडीपलीकडची

दोघांना ओळखते. आज रात्रीच फोन करते आणि त्याच्याबरोबर मी स्वतः येईन. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेसाठीही मी विषय लेखी देते आहे: भाडेकरूबाबत सभासदाने फक्त कळवायचं, कमिटीने मुलाखत घ्यायची नाही आणि देश, रंग, जात, आहार यांवरून कोणाला अडवायचं नाही. आहार हा शब्द मासेखाऊंसाठी घातला आहे, त्यावर सगळ्यात जास्त भांडण होणार हे माहीत आहे. आमच्या सोसायटीतले जे लोक हा धागा नुसता वाचतायत, त्यांनी विरोध असेल तर सभेत उभं राहून करावा, कारण सांगून.